बिलावरच्या बाईला घरी बसवण्याआधी

चेंबूरच्या बाजारात कापडाचे दुकान घ्या, औषधाचे घ्या, गल्ल्याशेजारी संगणक आला आहे आणि बऱ्याच ठिकाणी त्यावर एखादी भगिनी बसलेली असते. ती गरोदर राहिली की सासू म्हणते, त्या पडद्याचे किरण बाळाला बाधतील. शेठ म्हणतात, उद्या काही झाले तर बोल माझ्यावर येईल, बाई, तुम्ही घरीच बसा. काळजी दोघांचीही खरी असेल, पण पगार बुडतो तो तिचा!

ही भीती हवेतून आलेली नाही. 1980 च्या सुमारास कॅनडात टोरोंटोच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत पडद्यासमोर काम करणाऱ्या चार स्त्रियांची बाळे व्यंग घेऊन जन्मली आणि जगभर ओरड झाली. 1988 साली कॅलिफोर्नियातील 1,583 गरोदर स्त्रियांच्या पाहणीत, आठवड्याला वीस तासांहून अधिक पडद्यापुढे बसणाऱ्यांत गर्भपात जास्त आढळले. मात्र ते किरणांमुळे की कामाच्या ताणामुळे, हे त्या पाहणीतून ठरले नाही. मग 1991 साली अमेरिकी सरकारच्या संस्थेने टेलिफोन ऑपरेटर स्त्रियांची 882 गरोदरपणे तपासली. काम एकाच धाटणीचे, फरक फक्त पडद्याचा. पडदा वापरणाऱ्यांत गर्भपात शंभरी 14.8, न वापरणाऱ्यांत 15.9. किरणांची शंका तिथेच बरीचशी फिटली.

शिवाय तो पडदा जुन्या काचेच्या नळीचा होता. आत वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब, त्यातून निघणारे थोडेसे क्ष-किरण पुढची जाड काच अडवी. आजच्या चपट्या पडद्यात ती नळीच नाही, मग क्ष-किरण यावेत कुठून? तरीही 'किरणरोधक' काच नि स्टिकर घेणारे घेतात. व्यापारी माणसाने तरी असा माल डोळे मिटून घेऊ नये.

चेंबूरकरांची आणखी एक गफलत होते. शेजारी तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र असल्याने किरण म्हटले की आपल्याला किरणोत्सर्गच आठवतो. पडद्याचा उजेड आणि अणुभट्टीतला किरणोत्सर्ग एका पोत्यात भरता येत नाहीत. क्ष-किरण दवाखान्यातील कामगार भगिनीची गोष्ट वेगळी. तिने गरोदर असल्याचे कळवले की पुढे गर्भाला 1 मिलीसिव्हर्टहून अधिक मात्रा पोहोचू नये, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा दंडक आहे.

खरी काळजी भलतीकडेच आहे. ठक्कर बाप्पा कॉलनीसारख्या ठिकाणी चप्पल-जोड्यांच्या कारखान्यांत सोल्यूशनचा डबा दिवसभर उघडा असतो. अशा चिकट सोल्यूशनमध्ये पुष्कळदा टोल्युइन असते आणि त्याची वाफ गर्भाला घातक. बॅटरीच्या कामातले शिसे तर आईच्या रक्तातून थेट बाळाकडे जाते. तिथे कोणी सुनेला अडवत नाही, कारण ते काम घरचे, माळ्यावरचे! पडद्याला भ्यायचे आणि डब्याला झाकण लावायचे नाही, याला काय म्हणावे?

बिलावर बसणाऱ्या भगिनीचा त्रास म्हणजे पाठ, पायांची सूज आणि तासन्तास एका जागी बसणे. पाठीला टेकू असलेली खुर्ची, पायाखाली पाट, तासाभराने उठून फेरी आणि गठ्ठे उचलायला दुसरा माणूस, एवढ्याने भागते. खर्च किरणरोधक काचेएवढाही नाही.

आता हिशोबाचे. दहा किंवा अधिक माणसे कामावर असतील आणि त्या भगिनीने आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केले असेल, तर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा तिचा हक्क आहे. ही मुदत 2017 च्या दुरुस्तीने आली आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम राहिली. गरोदरपणात कामावरून कमी केले म्हणून हा हक्क बुडत नाही. म्हणजे "घरी बसा" म्हटल्याने शेठचा पैसा वाचतो असेही नाही. आपली बहुतेक दुकाने मात्र तीन-चार माणसांची. तिथे हा कायदा पोहोचत नाही. तिथे बाळंतपणानंतर तिची जागा राखायची की नाही, हे मालकाने तिला सातव्या महिन्याच्या आत स्पष्ट सांगावे आणि जमल्यास दोन ओळी लिहून द्याव्यात.