संजीवनी कोणाच्या छावणीत?

गोदावरीच्या काठी, कोपरगावच्या बेटात शुक्राचार्यांचं मंदिर आहे. म्हणजे असुरांच्या गुरूचं. ज्यानं देवांच्या शत्रूंची बाजू सांभाळली, त्यांचे मेलेले सैनिक पुन्हा पुन्हा उठवून रणात धाडले, त्याच्यापुढे इथले लोक श्रद्धेनं नारळ वाढवतात. त्याचा आश्रम इथेच होता आणि देवगुरू बृहस्पतीचा मुलगा कच संजीवनी विद्या शिकायला इथेच आला, असं गाव मानतं. जवळच कचेश्वराचंही देऊळ आहे. तालुक्यातल्या साखर कारखान्यानं आणि अभियांत्रिकी महाविद्यालयानं ‘संजीवनी’ हेच नाव घेतलं. या मंदिरात लग्न लावायला मुहूर्त पाहावा लागत नाही, असंही भाविक सांगतात. ज्या कथेत गुरूच्या मुलीनं कचाला स्वतः घातलेली मागणी साफ नाकारली जाते, तिच्या जागी बिनमुहूर्ताची लग्नं लागावीत, हा गोदाकाठचा खास विनोद म्हणायचा.

गावाची श्रद्धा अशी; बैठकीतला दावा मात्र वेगळा असतो. होमरचं काव्य आणि ‘स्टार वॉर्स’सारखे अंतराळपट यांच्यातल्या साम्याचा विषय मराठी बैठकीत निघाला, की पाचव्या मिनिटाला कोणीतरी हमखास म्हणतं, ‘हे सगळं आपल्याकडचंच उचललंय.’ योडा हा आपला योद्धा, पद्मे ही आपली पद्मा, हरवलेल्या बापाशी लढणारा ल्यूक म्हणजे थोडाफार बभ्रुवाहन. ऐकायला हे गोड लागतं. अडचण पुराव्याची आहे. ‘स्टार वॉर्स’चा कर्ता जॉर्ज ल्युकस यानं आपली उसनवारी कधी लपवली नाही. ‘फ्लॅश गॉर्डन’चे हक्क मिळाले नाहीत म्हणून तो स्वतःची कथा रचायला बसला. अकिरा कुरोसावाच्या १९५८ च्या ‘द हिडन फोर्ट्रेस’कडून त्यानं दोन भांडकुदळ फाटक्या माणसांच्या नजरेतून मोठी लढाई दाखवण्याची युक्ती घेतली, त्या दोघांचे पुढे दोन यंत्रमानव झाले. इतका स्पष्ट कबुलीजबाब समोर असताना त्याच्या झोळीत बळेच महाभारत कोंबायचं कशाला?

हा आजार केवळ आपल्याकडचा नाही, आणि तो जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ग्रीक वक्ता दिओ ख्रिसोस्तोम छातीठोकपणे सांगून गेला, की भारतातले लोक होमरचं काव्य आपल्या भाषेत करून गातात. प्रायमचं दुःख आणि आंद्रोमाखीचा विलाप त्यांना ठाऊक आहे. त्याच्या कानावर बहुधा महाभारताची कीर्ती गेली असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे. युद्ध, म्हातारा राजा, मेलेले मुलगे, रडणाऱ्या बायका एवढं ऐकल्यावर त्यानं निकाल देऊन टाकला: हे आमचंच!

एकोणिसाव्या शतकात हीच गोष्ट पंडिती वेशात परत आली. बर्लिनचे प्राध्यापक आल्ब्रेख्त वेबर यांनी रामायणावर होमरची छाया असल्याचं मांडलं. सीताहरण म्हणजे हेलनचं हरण, लंकेचा वेढा म्हणजे ट्रॉयचा वेढा. त्याला उत्तर मुंबईतून गेलं. १८७३ मध्ये, जेमतेम तेविशीतल्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी ‘रामायण होमरवरून उचललं आहे काय?’ या प्रश्नाचंच शीर्षक देऊन इंग्रजीत पुस्तिका लिहिली आणि वेबरांचे मुद्दे एकेक करून तपासले. तेलंग पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. साम्य दिसलं म्हणून चोरी शाबित होत नाही, हा न्याय त्यांनी रामायणाच्या बाजूनं मागितला. तोच न्याय आज ल्युकसला नाकारायचा असेल, तर वेबरांची माफी मागायला हवी.

कोपरगावालाही हा न्याय लागू आहे. राघोबादादा पेशवे १७८३ मध्ये कोपरगावी वारले, हा इतिहास आहे. त्याला कागद आहेत. कच इथल्या रानात गुरं चारत होता, ही श्रद्धा आहे. दोन्ही एका गावात सुखानं नांदतात. श्रद्धेला पुराव्याचा सदरा घालायला गेलं, की तिचंच हसं होतं. जयंत नारळीकरांनी पुराणातल्या वर्णनांवरून प्राचीन विज्ञान सिद्ध करू पाहणाऱ्यांचा सतत प्रतिवाद केला. आणि त्याच नारळीकरांनी आपल्या विज्ञानकादंबरीला ‘वामन परत न आला’ असं नाव दिलं. जमिनीखालून निघालेल्या पुरातन ठेव्यातल्या माहितीवरून बनलेला बुद्धिमान यंत्रमानव, आणि त्याचं नाव वामन. पुराणाचा दावा नाकारून पुराणाची प्रतिमा वापरता येते, याचं मराठीत याहून चांगलं उदाहरण शोधावं लागेल.

चोरीचा आरोप असा निकाली निघतो. साम्याचा प्रश्न मात्र उरतोच, आणि तिथे जोसेफ कॅम्बेलचे भक्त उभे असतात. १९४९ मध्ये कॅम्बेलनं ‘द हिरो विथ अ थाउजंड फेसेस’ या ग्रंथात मांडलं, की जगातल्या सगळ्या वीरकथा मुळात एकच: नायक घर सोडतो, संकटांतून जातो, वरदान घेऊन परततो. ल्युकसनं हा ग्रंथ वाचला, त्याचं ऋण मोकळेपणानं मानलं, आणि १९८८ मध्ये दाखवल्या गेलेल्या कॅम्बेलच्या गाजलेल्या मुलाखतींचं बरंचसं चित्रण ल्युकसच्याच कॅलिफोर्नियातल्या जागेत झालं. तेव्हापासून हा आराखडा पटकथा शिकवणाऱ्यांची बाराखडी होऊन बसला आहे.

या आराखड्यात एक टप्पा आहे, माशाच्या पोटाचा. नायकाला कोणीतरी गिळतं, तो आत मरतो आणि नवा होऊन बाहेर येतो. ग्रीकांकडे क्रोनोस आपली मुलं गिळतो आणि मग ओकतो. १९८० च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये हान सोलोचं यान ज्या गुहेत लपतं, ती एका प्रचंड अवकाशकृमीच्या घशाची पोकळी निघते. मग कच? कचाचे पहिल्यांदा तुकडे करून दानवांनी ते लांडग्यांना घातले. शुक्राचार्यांनी विद्या म्हटली आणि कच लांडग्यांची शरीरं फाडून बाहेर आला. शेवटी दानवांनी त्याला जाळलं, राख मद्यात कालवली आणि ते मद्य गुरूलाच पाजलं. आता कच गुरूच्या पोटात. आराखड्याचा भक्त खूश होऊन रकान्यात बरोबरची खूण करेल.

पण महाभारताच्या आदिपर्वात पुढे जे घडतं, त्याला रकाना नाही. हे पोट राक्षसाचं नाही, गुरूचं आहे. कचाला जिवंत करायचं तर शुक्राचार्यांना मरावं लागणार. त्यांची लेक देवयानी म्हणते, मला दोघंही हवेत. तेव्हा गुरू पोटातल्या शिष्याला ती गुप्त विद्या शिकवतो. जी विद्या शत्रूच्या हाती लागू नये म्हणून सगळा खटाटोप, ती दानवांच्या अतिशहाणपणामुळेच शत्रूच्या हाती जाते. कच गुरूचं पोट फाडून बाहेर येतो, समोर गुरू मरून पडलेला. आता त्यानं निघून जावं, देवांचं काम फत्ते! पण तो थांबतो आणि नुकतीच शिकलेली विद्या पहिल्यांदा वापरतो ती शत्रुपक्षाच्या गुरूला उठवायला. या एका क्षणासाठी ही कथा आहे. ‘माशाचं पोट’ एवढी चिठ्ठी लावून ती फडताळात टाकणारा सिद्धांत कथेचा सांगाडा मोजतो आणि तिचा जीव तेवढा बाहेर ठेवतो.

कचाची खरी ग्रीक जोड होमरमध्ये नाही. ती इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अपोलोनिअसनं रचलेल्या ‘अर्गोनॉटिका’ या महाकाव्यात आहे. जेसन काळ्या समुद्रापलीकडच्या कोल्किसला जातो. परक्या राजाकडचं सोनेरी लोकरीचं कातडं त्याला हवं आहे. राजाची लेक मीडिया त्याच्या प्रेमात पडते, त्याला आगीपासून वाचवणारा लेप देते, राखण करणाऱ्या सर्पाला झोपवते. परका तरुण, शत्रूची ठेव, शत्रूचीच लेक. आणि २००९ चा ‘अवतार’? जेक सली पँडोरावर हेर म्हणून जातो, टोळीप्रमुखाची लेक नेतिरी त्याला त्यांची विद्या शिकवते, मग तो कोणाच्या बाजूचा, हा पेच.

कथानक एकच. निवाडे तीन. जेसन मुलीला घेऊन जातो आणि पुढे दुसऱ्या राजकन्येसाठी टाकून देतो. इसवी सनापूर्वी ४३१ मध्ये युरिपिडीसनं त्याचा हिशेब रंगभूमीवर मांडला, तेव्हा मीडिया स्वतःच्या मुलांचा घात करून सूर्याच्या रथातून निघून गेली. जेक आपली माणसं आणि आपला देहही सोडून तिथलाच होतो. कच मात्र देवयानीला म्हणतो, तुझ्या वडलांच्या पोटातून मी जन्मलो, तू माझी बहीण. युक्तिवाद बिनतोड आहे आणि थोडा निर्दयही. देवयानी शाप देते: ही विद्या तुला फळणार नाही. कच म्हणतो, मला न फळो, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. आणि उलट शाप देतो, की कोणी ऋषिपुत्र तुला वरणार नाही. नायक वरदान घेऊन परततो खरा, पण ते त्याच्या स्वतःच्या हाती निकामी असतं. १९१३ मध्ये ‘विद्याहरण’ लिहिताना खाडिलकरांना आणि १९५९ मध्ये ‘ययाति’ लिहिताना खांडेकरांना या कथेतलं निराळं निराळं काहीतरी खुणावलं, ते अशाच न मिटलेल्या जागांमुळे.

‘अवतार’ इथेच उणा पडतो. जेकच्या विश्वासघाताची किंमत कोणी नीट वसूल करत नाही. टोळीचं झाड कोसळतं, नेतिरीचा बाप मरतो, आणि थोड्याच वेळात एका भल्या मोठ्या लाल पक्ष्यावर बसून आल्याबद्दल हेराला माफी मिळते. देवयानी असती तर एवढ्यावर सुटका नव्हती.

म्हणून अंतराळपट हा पोरखेळ, असं नाक मुरडणाऱ्यांचं बरोबर ठरतं का? मुळीच नाही. त्यांनी होमरला आधी काचेच्या कपाटात ठेवलं आणि मग कपाटाबाहेरचं सगळं हलकं ठरवलं. होमरचा अभ्यासक मिल्मन पॅरी यानं १९३३ ते १९३५ मध्ये युगोस्लाव्हियातल्या अशिक्षित गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि ठरलेल्या शब्दसमूहांच्या आधारावर हजारो ओळी उभ्याउभ्या कशा रचल्या जातात, हे दाखवून दिलं. होमरची परंपरा त्याच जातीची असल्याचं त्याचं म्हणणं आज बव्हंशी मान्य आहे. रात्ररात्र पोवाडा आणि गोंधळ ऐकलेल्या मुलखाला यात नवल वाटायचं कारण नाही. महाकाव्य गर्दीसमोरच वाढलं. तिकीट काढून येणाऱ्या गर्दीनं ते बाटत नाही. शिवाय ‘स्टार वॉर्स’ स्वतःला भविष्यातली गोष्ट म्हणवतही नाही. पहिल्याच पाटीत तो कथा फार जुनी आणि फार दूरची असल्याचं सांगून टाकतो. आपल्या कहाण्यांतलं आटपाट नगर तेच काम करतं.

महाकाव्याची खरी कसोटी शत्रूला दिलेल्या वागणुकीत आहे. ‘इलियड’ची अखेर ग्रीकांच्या विजयानं होत नाही, ती ट्रॉयच्या हेक्टरच्या चितेनं होते. सहाव्या सर्गात हेक्टरचं तान्हं बाळ बापाच्या शिरस्त्राणावरचा तुरा पाहून घाबरून रडतं. बाप हसत शिरस्त्राण उतरवतो आणि त्याला उचलून घेतो. १९७७ च्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’मध्ये शत्रूच्या शिपायांना चेहराच नाही, नुसती शिरस्त्राणं. तिथवर तो चित्रपट गोळीबाराचा खेळच आहे. १९८३ मध्ये ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये मुलगा मरणाऱ्या बापाचं शिरस्त्राण उतरवतो, आतला थकलेला, पांढराफटक माणूस दिसतो, आणि नंतर मुलगाच त्याची चिता पेटवतो. ल्युकसनं हे होमर समोर ठेवून केलं की नाही, याला इथे महत्त्व नाही. गोळीबाराच्या खेळाला तिथे महाकाव्याची उंची आली. असुरगुरूला देवळात बसवणाऱ्या बेटावर तर हे पटवून द्यायला फार शब्द लागू नयेत.

मरणाच्या बाबतीत मात्र तोच ल्युकस कचरतो. ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात ओडिसिअस मृतांच्या जगाशी जाऊन भिडतो, आईच्या छायेला तीनदा कवटाळू पाहतो आणि तीनही वेळा ती हातातून निसटते. ल्युकसचे मेलेले गुरू निळसर प्रकाशात ताजेतवाने येतात, सल्ला देतात, कौतुकानं हसतात. २००५ च्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’मध्ये त्याला खरा प्रश्न सापडला होता: मरणावरची विद्या शत्रूच्या गुरूकडे असेल तर काय करायचं? महाभारतातले देव ती शिकायला माणूस धाडतात. ग्रीकांचा झ्यूस मेलेल्याला उठवणाऱ्या अस्क्लेपिअसवर वज्र टाकतो. शत्रूचा गुरू पॅल्पटीन नाट्यगृहात बसून ल्यूकच्या बापाला, तरुण अनाकिनला, त्याच विद्येचं आमिष दाखवतो, आणि बायको मरेल या भीतीनं पोरगा विकला जातो. प्रसंग उत्तम आहे. पण ती विद्या खरोखर असती आणि अनाकिन ती शिकून परतला असता, तर पुढे काय, हा अवघड भाग चित्रपटानं टाळला. तो आदिपर्वानं टाळला नव्हता.

मराठीत तो भाग लिहायला जागा मोकळी आहे. नारळीकरांच्या वामनानंतर पुराणातलं पात्र अंतराळात नेण्याची हिंमत मोठ्या ताकदीनं फार थोड्यांनी केली. जो कोणी करेल त्यानं कचाला यानात बसवून सुरुवात करू नये. संध्याकाळी गुरं गुराख्यावाचून परत आलेली सगळ्यांत आधी देवयानीच्या लक्षात येतात, त्याला जिवंत करण्याचा हट्ट दर वेळी तीच धरते, आणि शेवटी ज्या नात्यानं तिला नाकारलं जातं ते तिच्याच हट्टातून जन्मलेलं असतं. तिच्या बाजूनं मांडलेला अंतराळपट अजून ग्रीकांच्या वारसांनीही केलेला नाही.