‘आपण पीत नाही’ एवढ्यावर लिव्हर वाचत नाही

हिंजवडीच्या फेज दोनमध्ये बायोटेक पार्क आहे. २०२२ मध्ये मंजूर झालेली देशातली पहिली एमआरएनए लस तिथल्याच जेनोव्हा कंपनीची. कोरोना विषाणूचं एक प्रोटीन ओळखायला ती शरीराला शिकवते. लिव्हरच्या कॅन्सरवरचं संशोधनही प्रोटीनभोवतीच फिरतं: गाठ वाढवणारं प्रोटीन कोणतं आणि ते औषधाने अडवता येईल का?

सोराफेनिब हे असं पहिलं मोठं औषध. मुख्य चाचणीत साधारण आयुष्य ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर गेलं. म्हणजे तीन महिनेही नाहीत. आणि किंमत? महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये. २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला, तेव्हा ती नऊ हजारांच्या आत आली. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. म्हणून नवी टार्गेट्स हवीतच आणि ती शोधणाऱ्यांत आपली मुलं-मुलीही हवीत. पण औषध परवडावं, हा आग्रहही आपणच धरायला हवा.

मात्र एक प्रोटीन १९६० च्या दशकातच सापडलंय: हिपॅटायटिस बी विषाणूच्या आवरणाचं. या विषाणूवरील शोधासाठी ब्लमबर्ग यांना १९७६ चं नोबेल मिळालं. त्याच प्रोटीनपासून लस बनते. सरकारी दवाखान्यात ती बाळाला जन्मापासून २४ तासांत मोफत मिळते. लिव्हरच्या कॅन्सरचं एक मोठं कारण तिथेच रोखता येतं.

तरी मोहल्ल्यात ऐकू येतं, “आपण दारू पीत नाही, लिव्हरला काय होणार?” मित्रांनो, हा विषाणू दारू बघत नाही. तो बाळंतपणात आईकडून बाळाला, असुरक्षित संबंधांतून, दूषित रक्तातून, वापरलेल्या सुई-ब्लेडमधून येतो. म्हणून खतना असो वा हिजामा, ब्लेड नवंच हवं, हे ठणकावून सांगा. डायबिटीस आणि फॅटी लिव्हरही निर्व्यसनी माणसाला सोडत नाहीत.

कुणाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्याचं ताट वेगळं करू नका. एकत्र जेवल्याने हा आजार पसरत नाही. ठरलेलं लग्नही मोडू नका. जोडीदाराला लस देता येते. लपवलेला आजार मात्र उपचाराची वेळ घालवतो.

नवं प्रोटीन सापडेल तेव्हा सापडेल. या महिन्यात अम्मी-अब्बूंना सोबत घेऊन एचबीएसएजीची रक्ततपासणी तेवढी करून घ्या.