साक्षीदाराची ढाल कायद्यात हवी

विमानतळासाठी जमिनी गेलेल्या सांबऱ्याला भूसंपादनाच्या नोटिसा नव्या नाहीत. जवळच हलग्याला सुवर्ण विधानसौध आहे, २०१२ साली त्याचे उद्घाटन झाले. उद्या विधानसभेच्या याचिका समितीने तिथे साक्षीला बोलावले, तर आमचा शेतकरी किंवा गावचा तलाठी निर्धास्तपणे बोलेल काय?

घटनेच्या कलम १९४(२) नुसार सभागृहात वा समितीत केलेल्या भाषणाबद्दल आमदारावर खटला चालत नाही. १९४(४) मुळे तेच संरक्षण मंत्री, महाधिवक्ता अशा घटनेनेच बोलण्याचा हक्क दिलेल्यांना मिळते. साक्षीदाराचे नाव यात नाही! त्याला आधार १९४(३) मधील विशेषाधिकारांचा, म्हणजे परंपरेचा. साक्ष दिली म्हणून त्याला छळणे हा हक्कभंग ठरतो खरा. पण शिक्षा करायची की नाही हे सभागृह ठरविणार, आणि तिथे बहुमत सरकारचे. तलाठ्याची बदली करणारेही सरकारच.

याउलट १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याचे कलम ६ पाहा. आयोगापुढे दिलेली जबानी, खोट्या साक्षीचा खटला सोडल्यास, साक्षीदाराविरुद्ध वापरता येत नाही. ब्रिटनने तर संसदीय समितीपुढील साक्षीदाराला त्रास देणे १८९२ सालीच कायद्याने गुन्हा ठरविले. ज्यांचे विशेषाधिकार आपण उसने घेतले, त्यांचा हा कायदा तेवढा घ्यायचा राहिला.

कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही विधिमंडळांनी असा कायदा करावा, ही आमची मागणी आहे. तोवर बांधवांनी सांगायचे ते समितीपुढेच, उताऱ्यासह आणि खरे तेच सांगावे. बाहेर येऊन तेच वार्ताहरांना सांगितले तर हे कवच उरत नाही; अब्रुनुकसानीची नोटीस घरी येऊ शकते.