जुन्या कॅसेटींचा छंद

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्याच आठवड्यांत एक पालक आम्हांस भेटावयास आले. त्यांचे चिरंजीव इयत्ता नववींत आहेत. सुटींत या मुलानें आपल्या सांठविलेल्या पैशांतून अडीच हजार रुपये देऊन व्हिडिओ गेमची एक जुनी कॅसेट परगांवच्या कोणा अनोळखी विक्रेत्याकडून मागविली. ती अस्सल म्हणून विकली गेली होती, घरीं येतांच नक्कल निघाली. "या जुनाट खेळण्यांच्या देवघेवीस शाळेनें बंदीच घालावी," असें पालकांचें म्हणणें पडलें. मधल्या सुटींत चारदोन मुलांची अशी अदलाबदल चाललेली आम्हींही पाहिली होती, त्यामुळें ही सूचना हंसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. तथापि बंदी घालूं नये असेंच आमचें मत आहे, आणि त्याचीं कारणें विद्यार्थी व पालक या उभयतांपुढें मांडावीं म्हणून हा लेख.

प्रथम वस्तूची ओळख. इंग्रजींत जिला कार्ट्रिज म्हणतात तिला आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकांत सर्रास कॅसेट हेंच नांव पडलें, आणि आजच्या कित्येक पालकांचें बालपण त्या नांवाशीं निगडित आहे. म्हणून आम्हीही तोच शब्द योजितों. वास्तविक तींत फीत मुळींच नसते. प्लॅस्टिकच्या डबींत एक लहानसें सर्किट, त्यावर खेळाचा सारा मजकूर कायमचा भरलेली एखाददुसरी चिप, आणि यंत्रांत खोंचण्यासाठीं कडेस धातूच्या पट्ट्या, एवढाच काय तो संसार. यंत्र तेंच ठेवून खेळ तेवढा बदलतां यावा, ही सोय अमेरिकेंत १९७६ सालीं फेअरचाइल्ड कंपनीच्या 'चॅनेल एफ' या यंत्राबरोबर प्रथम बाजारांत आली. तें यंत्र तयार करणाऱ्या मंडळीचे प्रमुख जेरी लॉसन हे कृष्णवर्णीय अभियंते होते. मारिओस ओळखत नाहीं असा एकही विद्यार्थी आमच्या शाळेंत सांपडणार नाहीं. लॉसन यांस ओळखणारा सांपडेल तर आम्हांस अवश्य कळवावें. पुढें १९७७ त अमेरिकेंत अटारीचें यंत्र निघालें, १९८३ त जपानांत निन्टेंडोचें फॅमिकॉम निघालें, आणि कॅसेटी कोट्यवधि संख्येनें घरोघर गेल्या.

कोट्यवधि निघालेली वस्तु दुर्मिळ कशी होते, हें पाहण्याजोगें आहे. मुलांची समजूत अशी कीं, जुनी ती सर्व दुर्मिळ, आणि दुर्मिळ ती सर्व मौल्यवान. वस्तुस्थिति तशी नाहीं. कांहीं कॅसेटी मुळांतच थोड्या निघाल्या. १९९० सालीं निन्टेंडोनें अमेरिकेंतील गांवोगांव फिरून एक स्पर्धा भरविली व तेवढ्यापुरती एक कॅसेट तयार केली. तींत तीन खेळांचे तुकडे असून सहा मिनिटें एकवीस सेकंदांत खेळाडूस आपला डाव आटोपावा लागे. स्पर्धेच्या अखेरच्या टप्प्यास पोंचलेल्यांस करड्या रंगाच्या ९० कॅसेटी दिल्या गेल्या, व सोनेरी रंगाच्या २६ कंपनीच्या मासिकांतून बक्षिसादाखल वांटण्यांत आल्या. ही खरी दुर्मिळता. दुसरी दुर्मिळता केवळ नांवाची. १९८७ त बांदाई कंपनीनें पायांखालच्या चटईवर धांवून खेळावयाचा 'स्टेडियम इव्हेंट्स' हा खेळ अमेरिकेंत आणला. लवकरच त्या चटईचे हक्क निन्टेंडोनें घेतले, खेळ नव्या नांवानें काढला, आणि जुन्या नांवाच्या प्रती दुकानांतून उचलल्या गेल्या. खेळ तोच, धांवणें तेंच. परंतु जुन्या नांवाच्या कॅसेटीस संग्राहक हजारों डॉलर मोजतात आणि नव्या नांवाची कॅसेट कोणी उचलून पाहात नाहीं.

तिसरा प्रकार सर्वांत मौजेचा. १९८२ सालीं अटारीनें 'ई. टी.' या चित्रपटावरून केलेला खेळ इतका पडला कीं, १९८३ च्या सप्टेंबरांत कंपनीनें न विकलेला माल न्यू मेक्सिकोंतील अॅलामोगोर्डो गांवच्या कचराभूमींत नेऊन पुरला. ही हकीगत पुढें कित्येकांस दंतकथा वाटूं लागली होती. परंतु २६ एप्रिल २०१४ रोजीं तेथें खणून पाहातां कॅसेटी खरोखरच निघाल्या. सुमारें तेराशें वर काढल्या गेल्या. त्यांतील एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयांत गेली, आणि शेंकडों कॅसेटींचा लिलाव होऊन एक लाखाहून अधिक डॉलर आले. वस्तुतः तीच ई. टी. कॅसेट, न पुरलेली व चालूं स्थितींतली, जुन्या बाजारांत अगदीं थोड्या डॉलरांत मिळते. पुरून चेपलेली महाग, जपून ठेवलेली स्वस्त! लोकांनीं तेथें गोष्टीची किंमत दिली, वस्तूची नव्हे; आणि गोष्ट खरी असल्यामुळें त्यांत फसवणूक कांहीं नाहीं.

आतां ज्या बातमीनें आमच्या मुलांचीं डोकीं फिरलीं तिच्याकडे वळूं. ११ जुलै २०२१ रोजीं अमेरिकेंत 'सुपर मारिओ ६४' ची एक मोहोरबंद प्रत लिलांवांत १५,६०,००० डॉलरांस, म्हणजे त्या वेळच्या भावानें अकरा कोटींहून अधिक रुपयांस गेली. दोनच दिवस आधीं 'लेजंड ऑफ झेल्डा' ची एक प्रत ८,७०,००० डॉलरांस गेली होती. विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबावें. १९९६ सालच्या या मारिओच्या एक कोटीहून अधिक प्रती जगांत विकल्या गेल्या आहेत. तो खेळ दुर्मिळ नव्हता, नाहीं, व आमच्या हयातींत होणारही नाहीं. मग अकरा कोटी कशाचे? तर खोक्यावरील पातळ प्लॅस्टिकच्या वेष्टनाचे, आणि तें वेष्टन किती कोरें आहे याबद्दल प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीनें दिलेल्या गुणांचे. शाळेंतल्याप्रमाणें तेथेंही गुण देतात. या प्रतीस दहांपैकीं ९.८ मिळाले होते. मग ती पारदर्शक पेटींत कायमची बंद होते. पेटी उघडली कीं गुण गेले, आणि गुण गेले कीं कोटी गेले. पुढील वर्षीं कॅलिफोर्नियांत कांहीं ग्राहकांनीं अशा एका कंपनीवर भाव फुगविल्याचा दावा गुदरला. त्या आरोपांचा निवाडा करणें आमचें काम नव्हे. बाजार पुढें बराच उतरला, हें मात्र सर्वांनीं पाहिलें.

कोणी म्हणेल कीं, पोस्टाचीं तिकिटें जमविणाराही तीं पाकिटास चिकटवीत नाहीं, मग कॅसेट बंद ठेवली तर काय बिघडलें? आक्षेप रास्त आहे. परंतु तिकीट हें डोळ्यांनीं पाहावयाची वस्तु आहे. आल्बमांत असतांही तें आपलें सर्वस्व पाहणाऱ्यास देतें. कॅसेट यंत्रांत घातल्यावांचून कांहींच देत नाहीं. पृष्ठें न कापलेल्या ग्रंथासारखी तिची अवस्था होते. बायबलच्या तासास ज्या चाकराचा दृष्टांत मुलें ऐकतात, ज्यानें धन्याचें द्रव्य भूमींत पुरून जसेंच्या तसें परत आणून दिलें, तो चाकर या बाजारांत मोठा चतुर ठरला असता, असें आमच्या मनांत येऊन जातें.

एवढें लिहिल्यावर आम्ही संग्राहकांचे शत्रु आहों असा ग्रह होईल. पण बंदीच्या विरुद्ध आमचें मुख्य कारण संग्राहकच आहेत. शिगेसातो इतोइ या जपानी लेखकाचा 'मदर' हा खेळ १९८९ त जपानांत निघाला. त्याचें इंग्रजी रूपांतर पुरें झालें होतें, परंतु कंपनीनें तें बाजारांत आणलें नाहीं. राहिल्या त्या केवळ चांचणीसाठीं केलेल्या मोजक्या कॅसेटी. त्यांतील एक कांहीं वर्षांनीं संग्राहकांच्या हातीं आली. चाहत्यांनीं पैसे जमवून १९९८ त तिच्यांतील मजकूर उतरवून घेतला, आणि जो खेळ कोणीं पाहिला नव्हता तो लोकांस खेळावयास मिळाला. खुद्द कंपनीनें तो इंग्रजींत प्रसिद्ध केला तो २०१५ सालीं! त्या कॅसेटीच्या मालकानें, "नक्कल झाली तर माझ्या वस्तूचा भाव उतरेल," म्हणून ती कुलपांत ठेविली असती तर काय झालें असतें? असे मालक आहेत, हें दुःखानें सांगावें लागतें.

कुलपांत ठेवून ती टिकली असती असेंही नाहीं. चांचणीच्या कॅसेटींतील चिपांवरचा मजकूर विद्युद्भाराच्या रूपानें असतो व तो वर्षांमागून वर्षें हळूहळू झिरपून जातो. कित्येक कॅसेटींत, खेळाडूनें डाव जेथें सोडला तेथून पुढें चालविण्यासाठीं बटणाएवढी बॅटरी असते. ती पंधरावीस वर्षांनीं मरते, आणि तिच्याबरोबर तो डावही जातो. धातूच्या पट्ट्यांवर मळ व गंज चढतो. आमच्या पालकांपैकीं प्रत्येकानें लहानपणीं कॅसेट चालेनाशी झाली कीं तींत फुंकर मारली असेल. तिनें ती चालूं लागे तें काढून पुन्हा नीट बसविल्यामुळें, फुंकरीनें नव्हे, आणि तोंडांतील ओलीनें पट्ट्या मात्र खराब होत. कापसाच्या बोळ्यावर थोडें आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसणें हीच खरी रीत. हें सर्व ज्यास शिकावयाचें आहे त्यास कॅसेट हातांत घ्यावीच लागते.

२०२३ सालीं अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें पाहणी करून दाखविलें कीं, तेथें २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ खेळ आज विकत मिळत नाहींत. ग्रंथालयांनीं असे खेळ अभ्यासकांस दूरस्थ रीतीनें दाखवावे अशी परवानगी मागितली असतां २०२४ त तेथील कॉपीराइट कचेरीनें ती नाकारली. तेव्हां हे खेळ जे टिकले ते बव्हंशीं खासगी कपाटांत, देवघेव करणाऱ्या छांदिष्ट लोकांच्या हातीं. आपल्याकडे तर तेवढेंही नाहीं. १९९० नंतर आपल्या घरोघर जीं यंत्रें आलीं तीं बहुतेक फॅमिकॉमच्या नकलाच होत्या, आणि कॅसेटीही नकलाच. वर '९,९९,९९९ खेळ' असें छापलेलें. आंत पाहावें तों पांचपंचवीस खेळच रंग व नांव बदलून पुनःपुन्हा येत. पालकांनीं आपल्या चिरंजीवांवर फार रागावूं नये याचें हेंही एक कारण. त्या कॅसेटींस अमेरिकेच्या लिलांवांत कांहीं किंमत येणार नाहीं, हें माळ्यावर खोकें सांपडलेल्या मुलांनीं पक्कें समजावें. परंतु आपल्याकडील एका पिढीनें काय खेळलें याचा दुसरा पुरावा कोठें आहे? खोकें भंगारवाल्यास देण्यापूर्वीं पालकांनीं एकदां मुलांबरोबर बसून तें उघडावें, एवढीच विनंती.

आतां पुन्हा त्या नववींतल्या मुलाकडे. वडील गेल्यावर आम्हीं त्यास एकट्यास बोलाविलें. त्याची कॅसेट गेम बॉय अॅडव्हान्स यंत्राची, 'पोकेमॉन' ची होती. अस्सल कॅसेटीच्या लेबलावर बहुधा एक आंकडा किंचित दाबून उमटविलेला असतो, तो तिरप्या उजेडांत दिसतो. पट्ट्यांच्या वरच्या बाजूस सर्किटावर कंपनीचें नांव दिसतें. छपाईचे रंग एकसारखे असतात. यांतलें एकही चिन्ह तिच्यावर नव्हतें. हें त्यास आतां ठाऊक झालें होतें, खरेदीपूर्वीं नव्हतें. मग आम्हीं विचारलें, "आतां हिचें काय करणार?" बराच वेळ तो बोलेना. शेवटीं त्यानें खालमानेनें सांगितलें कीं, इयत्ता सातवींतील एका मुलास ती हवी आहे, आणि ती नक्कल असल्याचें त्या मुलास अद्याप कळलेलें नाहीं.

अडीच हजार रुपये गेल्याचें आम्हांस जितकें वाईट वाटलें नव्हतें तितकें हें ऐकून वाटलें. बंदी घातली असती तर हा व्यवहार शाळेच्या फाटकाबाहेर झाला असता आणि आमच्या कानावर कधींच आला नसता. आम्हीं त्यास शिक्षा केली नाहीं, उपदेशही केला नाहीं. परगांवच्या त्या विक्रेत्यासही ती कॅसेट अशीच कोणाकडून आली असेल का, एवढें विचारलें व वर्गांत जावयास सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत तो कॅसेट घेऊन आला. लेबलावर काळ्या शाईनें, स्वतःच्या अक्षरांत, 'नक्कल' असें लिहिलेलें होतें. सातवींतल्या मुलाच्या मामाचें जुनें यंत्र त्याच्या घरीं आहे. त्यानें तो शब्द दोनदां वाचला, थोडा वेळ विचार केला, आणि आपला क्रिकेटचा चेंडू देऊन ती कॅसेट घेतली. खेळ बरोबर चालतो, फक्त अधूनमधून डाव जतन होत नाहीं, असें तो सांगतो.