चालवून टाक ना यार!

पाकीट उघडा, मागचा कप्पा बघा. आहे ना? चार घड्या घातलेली, मधोमध चिकटपट्टी लावलेली नोट! तुम्ही कितीही ‘स्कॅन करू का?’वाले असा, अशी एखादी नोट सापडतेच. कुणी दिली ते आठवत नसतं आणि ऑफिसमधला सल्ला ठरलेला असतो : ‘‘चालवून टाक ना यार!’’

चालवायची, पण कुठे? मॉलमधला कॅशियर ती उजेडात धरतो आणि परत करतो. मग ती जाते रात्री रिक्षावाल्याकडे, गर्दीत भाजीवालीकडे, घाईघाईत वॉचमनकडे. म्हणजे ज्याला ‘नको’ म्हणणं जड जातं, त्याच्याकडे.

मागे आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना दुसऱ्या एका घरून पगारात पाचशेची नोट आली. कोपरा गायब. वाण्याने घेतली नाही. स्टेशनबाहेरचा नोटा बदलून देणारा म्हणाला, शंभर कापून देतो. ‘‘ताई, देऊन टाकू का?’’ मावशींनी विचारलं. मी म्हटलं, थांबा. दुसऱ्या दिवशी लंच टाइममध्ये ऑफिसखालच्या बँकेत गेले. ‘‘खातं आहे इथे?’’ ‘‘नाही. पण लागतही नाही ना?’’ कॅशियरने नोट उलटसुलट पाहिली आणि कोरी करकरीत पाचशेची हातात ठेवली. कमिशन शून्य.

यात माझी काही कमाल नाही, बॉस. रिझर्व्ह बँकेचे २००९ चे नियम आहेत, २०१८ मध्ये सुधारलेले. मळलेली किंवा दोन तुकडे झालेली, पण पूर्ण असलेली नोट पूर्ण किमतीला बदलून मिळते. तुकडा हरवला असेल, तर उरलेला सर्वांत मोठा अखंड तुकडा मोजायचा. २० रुपयांपर्यंतच्या नोटेत तो निम्म्याहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, नाहीतर काहीच नाही. ५० आणि त्यावरच्या नोटेत ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे, त्याहून कमी असेल तर शून्य. दिवसाला २० नोटा आणि ५,००० रुपयांपर्यंत सगळं फुकट.

जळलेली, एकमेकींना घट्ट चिकटलेली किंवा हात लावताच तुटणारी नोट असेल, तर मात्र रिझर्व्ह बँकेचंच ऑफिस गाठायचं. आपल्याकडे मुंबईत फोर्टला, नवी मुंबईत बेलापूरला आणि नागपूरला आहे. मुद्दाम कापलेली किंवा राजकीय घोषणा लिहिलेली नोट असेल, तर विसरा. जीन्सच्या खिशात धुतली गेली असेल, तर टेन्शन नाही. नोटेचा कागद कापसाचा असतो, एवढ्या तेवढ्याने दगावत नाही. नुसती वाळवा.

नाण्यांचीही तीच रड. १० रुपयांचं नाणं ‘चालत नाही’ म्हणून कुणी परत केलं, तर सरळ सांगा, त्याची सगळी डिझाइन्स वैध आहेत. ३० जून २०११ पासून बंद झाली ती २५ पैसे आणि त्याखालची नाणी. आठ आण्यांचं नाणं दुकानात दिसत नसलं, तरी कायद्याने ते अजून चालतं.

आता हिशोब बघा. आपल्या ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये बँक आहे, एसी आहे, लंच टाइम आहे. मावशींची पाच घरं बँकेच्याच वेळात असतात. एक सकाळ रांगेत घालवली, तर एका घरचा खाडा. म्हणून स्टेशनबाहेरच्या माणसाचा धंदा चालतो. आपण ‘चालवून टाकलेल्या’ नोटेचं कमिशन शेवटी तिथे कापलं जातं, आणि ते आपल्या खिशातून जात नाही.

तेव्हा मागच्या कप्प्यातली ती नोट या आठवड्यात बँकेत न्या. आणि निघताना घरी येणाऱ्या मावशींना, खालच्या वॉचमनकाकांना एकदा विचारा, ‘‘तुमच्याकडे आहे का एखादी?’’