पुढचें भिंग कोणतें?

आमच्या परिचयाचे एक तरुण प्राध्यापक गेल्या गणेशोत्सवांत आमच्या घरीं आले होते. आरती झाली, प्रसाद झाला, आणि हातांतला मोदक संपण्यापूर्वींच त्यांनीं आम्हांस प्रश्न केला, "सर, पुढची लेन्स कोणती घेऊं?" त्यांच्याजवळ कॅमेरा आहे, त्याबरोबर आलेलें १८–५५ चें भिंग आहे, सगळ्यांनीं सांगितलें म्हणून घेतलेलें एक ५० मिलिमीटरचें आहे, आणि सवलतींत मिळालें म्हणून घेतलेलें एक लांब पल्ल्याचेंही आहे. आम्हीं विचारलें, "हातीं तीन असतांना अडलें कोठें?" ते क्षणभर थांबले व म्हणाले, "अडलें असें कांहीं नाहीं, सर. पण आतां पुढची घ्यायला हवी ना?" ह्या "ना" मध्यें एक चांगला छंद कसा बिघडतो याचा सारा इतिहास सांठवलेला आहे, आणि आजचा आमचा लेख त्या एका अक्षराविरुद्ध आहे.

प्रथमच सांगून ठेवतों कीं, आम्ही ह्या छंदाचे शत्रु नव्हों. पंचवीस वर्षें आम्ही त्याची चाकरी करीत आहों, आणि त्या चाकरींत आमच्या पगाराचा जो भाग खर्चीं पडला त्याचा हिशेब घरांत उघडपणें मांडण्याचें धैर्य आम्हांस अद्याप झालेलें नाहीं. म्हणूनच ह्या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार आपणांस आहे असें आम्ही समजतों. व्यसनावर व्याख्यान द्यावें तें व्यसनी माणसानेंच. इतरांचें बोलणें नुसतें ऐकीव असतें.

"पुढचें भिंग कोणतें?" ह्या प्रश्नास उत्तर देणारे तीन पंथ आज आपल्यांत नांदत आहेत. पहिला पंथ भिंगपूजकांचा. भिंग उत्तम तर चित्र उत्तम, आणि भिंग उत्तम म्हणजे महाग, असें त्यांचें द्विपदी तत्त्वज्ञान आहे. त्यांच्या मतांत सत्याचा अंश आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. पण तो अंश केवढा, हें मोजून पाहण्यास काय हरकत आहे? एफ/१.८ चें ५० मिलिमीटरचें भिंग आणि त्याच लांबीचें एफ/१.४ चें भिंग शेजारीं ठेवा. भिंगांतून येणारा प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर, म्हणजेच व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळें दुसऱ्यांतून पहिल्याच्या सुमारें १.६५ पट प्रकाश येतो. ही एक पूर्ण पायरीसुद्धां नव्हे, आणि किंमत मात्र बहुधा दुपटीच्या पलीकडे मोजावी लागते! कोपऱ्यांतील तीक्ष्णतेची गोष्टही अशीच. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचें चित्र २ कोटि ४० लाख बिंदूंचें असतें. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर सुमारें २१ लाख बिंदु मावतात. म्हणजे दर बारा बिंदूंपैकीं जवळजवळ अकरा पाहणाऱ्यापर्यंत पोंचतच नाहींत. ज्या कोपऱ्यासाठीं दोन महिन्यांचा पगार ओतला, तो कोपरा जगांत कोणी पाहिलेलाच नसतो. होय, १२ गुणिले १८ इंचांची उत्तम छापील प्रत काढावयाची असेल तर इंचास ३०० बिंदु या मानानें १ कोटि ९४ लाख बिंदु लागतात, आणि तेथें भिंगाचा कस लागतो. पण भिंगपूजकहो, तुम्हीं गेल्या वर्षीं अशा किती प्रती काढून भिंतीवर लावल्या?

ह्याच पंथाचा आणखी एक लाडका समज असा कीं, रुंद भिंग नाक मोठें करतें व लांब भिंग चेहऱ्यास सौम्य करतें. हा गुण भिंगाचा नव्हेच. तो अंतराचा आहे. एकाच जागीं उभे राहून दोन्ही भिंगांनीं एकच चेहरा टिपा, आणि रुंद चित्राचा मधला भाग कापून दुसऱ्याइतका मोठा करून पाहा. नाक, कान आणि पाठीमागचा डोंगर यांचीं परस्परांशीं प्रमाणें तींच आढळतील. रुंद भिंग घेऊन आपण माणसाच्या तोंडाशीं जातों म्हणून नाक मोठें होतें. जो गुण पायांचा, तो काचेच्या पदरीं बांधावयाचा आणि काचेची किंमत मोजावयाची, याला काय म्हणावें?

दुसरा पंथ वैराग्यवाद्यांचा. "डोळा हेंच खरें भिंग, बाकी सारें मिथ्या" असें हे लोक सांगतात. वचन ऐकावयास गोड आणि उच्चारावयास फुकट, म्हणून तें फार लोकप्रिय आहे. त्यांचा ठरलेला दाखला आंरी कार्तिए-ब्रेसाँ याचा. ३० जानेवारी १९४८ रोजीं, हत्येच्या थोडाच वेळ आधीं, गांधीजींची भेट घेऊन आलेला हा फ्रेंच छायाचित्रकार. दिल्लींतील त्या अंत्ययात्रेचीं त्याचीं चित्रें साऱ्या जगानें पाहिलीं. त्यानें बहुतेक आयुष्य एका ५० मिलिमीटरच्या भिंगावर काढलें हें खरें. पण ह्यांतून वैराग्य सिद्ध होतें काय? त्याच्या हातांतला लायका कॅमेरा १९२५ सालीं बाजारांत आला तेव्हांपासून कधींही गरिबाचा कॅमेरा नव्हता. माणसांच्या गर्दींत मिसळून काम करणें हें त्याचें व्रत. त्या व्रतास जें भिंग लागे तें त्यानें निवडलें आणि दुसरीं नाकारलीं. ही निवड आहे, संन्यास नव्हे. भिगवणच्या पाण्यांत दूरवर उभे असलेले रोहित पक्षी, किंवा कासच्या पठारावरील सीतेच्या आसवांचें तें एवढेंसें निळें फूल, ह्यांच्यापुढें नुसता डोळा घेऊन उभे राहा म्हणजे वैराग्याची मर्यादा कळेल. पहिल्यास लांब पल्ल्याचें भिंग पाहिजे, दुसऱ्यास जवळून पाहणारें. तेथें डोळ्याचें माहात्म्य गाणें म्हणजे दुर्बिणीवांचून शनीचीं कडीं दाखविण्याची प्रतिज्ञा करणें होय.

शिवाय भिंगाचा इतिहासच ह्या पंथाच्या विरुद्ध साक्ष देतो. १८३९ सालीं दागेरची पद्धति जाहीर झाली तेव्हां एका चित्रास मिनिटेंच्या मिनिटें लागत, आणि घर किंवा देऊळ जितकें स्वस्थ बसतें तितका जिवंत माणूस बसत नाहीं. ही अडचण डोळ्यांसमोर ठेवून १८४० सालीं व्हिएन्ना येथील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्सव्हाल यांनीं आंकडेमोड करून एक नवें, पूर्वींच्या मानानें फार प्रकाशवान भिंग रचलें, व फॉइग्टलेंडर यांनीं तें घडविलें. माणसाचा चेहरा चित्रांत उतरणें हा रोजचा व्यवहार झाला, तो बराचसा ह्या भिंगामुळें. आमच्याच पेशाच्या एका माणसानें हें केलें याचा आम्हांस अभिमान वाटतो. पण येथें लक्षांत घ्यावयाचें तें एवढेंच कीं, अडचण आधीं आली आणि भिंग मागाहून आलें. आज आपण भिंग आधीं आणतों आणि मग त्यास साजेशी अडचण शोधीत गांवभर हिंडतों.

तिसरा पंथ सर्वांत सौम्य दिसतो आणि सर्वांत अधिक फसवितो. हा पंथ कोणासही, कांहींही न विचारतां, "पन्नास घ्या" म्हणून सांगतो. स्वस्त, हलकें, प्रकाशवान. नवशिक्यास ह्याहून काय पाहिजे? आतां सामान्य नवशिक्याच्या घरीं चला. त्याच्या कॅमेऱ्याचा संवेदक लहान, म्हणजे सुमारें साडेतेवीस मिलिमीटर रुंद असतो. खोली दहा-बारा फुटांची. भिंतीला पाठ टेकून त्यानें दहा फुटांवरून चित्र घेतलें, तर ५० मिलिमीटरच्या भिंगांत पावणेपांच फुटांहून अधिक रुंदी मावत नाहीं. आजी आल्या कीं आजोबा गेले, आणि नातवंडें तर दाराबाहेरच! तेथेंच २४ मिलिमीटरचें भिंग असतें तर जवळजवळ दहा फूट मावले असते. उलट, ज्यास एकट्या माणसाचा चेहरा रात्रीच्या दिव्यांत टिपावयाचा आहे त्यास हेंच पन्नास वरदान आहे. कारण कॅमेऱ्याबरोबर येणारें भिंग त्या टोकास एफ/५.६ वर अडतें, आणि एफ/१.८ त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आंत घेतें. एकच औषध एकास अमृत व दुसऱ्यास निरुपयोगी ठरतें, तें रोग निराळे म्हणून. रोग न विचारतां पुडी बांधून देणाऱ्यास आपण वैद्य म्हणत नाहीं.

मग आमचें मत काय? आमचें मत असें कीं, भिंग हें एक उत्तर आहे, आणि ज्यास आपला प्रश्न सांगतां येत नाहीं त्यास उत्तर विकत घेण्याचा अधिकार नाहीं. हा प्रश्न शोधण्यास गुरु लागत नाहीं. आजचा कॅमेरा प्रत्येक चित्रासोबत त्याचें नाभीय अंतर, छिद्राचा आंकडा व झडपेचा वेग मुकाट्यानें लिहून ठेवतो. एका रविवारीं चहा घेऊन बसावें आणि वर्षाचीं चित्रें चाळावीं. यशस्वी नव्हे, फसलेलीं. निम्म्याहून अधिक चित्रें रुंद टोकालाच अडलेलीं असतील तर रुंद भिंग पाहिजे. लांब टोकाला जाऊनही कापून मोठीं करावीं लागलीं असतील तर लांब पाहिजे. झडप मंद पडल्यामुळें माणसें हलून धूसर आलीं असतील तर प्रकाशवान पाहिजे. आणि चित्रें फसण्याचें कारण भलत्या वेळचें ऊन, चुकीची जागा किंवा आपला आळस हें असेल, तर कोणतेंच भिंग नको. नाचतां येईना अंगण वांकडें, एवढेंच त्याचें निदान. ह्याउपर शंका राहिल्यास पुण्या-मुंबईंत भिंगें भाड्यानें मिळतात. चार दिवस आणावें, वापरावें, मग ठरवावें.

हें शहाणपण आम्हांस जन्मतः नव्हतें. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हींही ७०–२०० चें, दीड किलो वजनाचें एक भिंग मोठ्या हौसेनें घेतलें. त्याच सुमारास आमच्या आत्याबाई आमच्याकडे राहावयास आल्या होत्या. एका संध्याकाळीं त्या माजघरांत दिव्याखालीं वाती वळीत बसल्या होत्या. आम्हीं तें भिंग आणलें. पण खोली अपुरी, उजेड अपुरा, आणि भिंतीपर्यंत मागें सरलों तरी चौकटींत त्यांचा चेहरा तेवढा येई. हात येत ना, वाती येत ना. जुनें लहान भिंग कपाटांतून काढण्याऐवजीं आम्ही म्हणालों, "आत्याबाई, उद्यां अंगणांत नीट उजेडांत काढूं." त्या हंसल्या. तेवढ्यांत पुतण्यानें आपल्या फोनमध्यें एक चित्र घेऊन ठेवलें. उद्यांचा दिवस कांहीं ना कांहीं कारणानें लांबत गेला, आणि पुढच्या आषाढांत आत्याबाई गेल्या. आज आमच्या भिंतीवर त्यांचें जें चित्र आहे तें पुतण्याचें आहे. आमचें तें राजबिंडें भिंग दोन पावसाळे कपाटांत पडून राहिलें, आणि तिसऱ्या वर्षीं उजेडांत धरून पाहिलें तों आंतल्या कांचेवर बुरशीचीं बारीक जाळीं पसरलेलीं! आपल्या दमट हवेंत न वापरलेल्या भिंगाचें हेंच होतें. तें तिजोरींतील सोन्यासारखें नुसतें पडून राहत नाहीं, कोठीतल्या धान्यासारखें सडतें.

ह्यावर कोणी म्हणेल, "छंदाला हिशेब कसला? आम्हांस भिंगें घेण्यांतच आनंद आहे." असल्यास अवश्य घ्यावीं. कोणी तिकिटें जमवितो, कोणी नाणीं. भिंगांचा संग्रह करणाऱ्यास आम्ही तितकाच मान देऊं. आमची तक्रार आहे ती संग्रहास साधनेचें नांव देण्याबद्दल. आमच्या पेशांतही हा रोग आहे. ग्रंथ विकत घेतला कीं तो वाचलाच, असें मानणारे विद्वान आम्हीं पाहिले आहेत, आणि त्यांतल्या एकास तर रोज दाढी करतांना आरशांत पाहतों. न वाचलेल्या ग्रंथानें निदान दुसऱ्या कोणाचें नुकसान होत नाहीं. न घेतलेल्या चित्राचें तसें नाहीं. तें माणूस गेल्यावर कोणत्याही भिंगानें घेतां येत नाहीं.

आतां त्या तरुण प्राध्यापकांची हकीकत सांगून लेख पुरा करतों. आमचा सल्ला त्यांस प्रथम रुचला नाहीं. पण दिवाळीच्या सुट्टींत त्यांनीं खरोखरच चित्रें मोजलीं. त्यांचीं फसलेलीं चित्रें बहुतेक घरांतलीं, रात्रींचीं, १८ ते २४ मिलिमीटरच्या दरम्यानचीं, आणि धांवत्या मुलीमुळें धूसर झालेलीं निघालीं. ज्या मोठ्या लांब भिंगासाठीं ते पैसे सांठवीत होते, त्याचें नांवही त्या मोजदादींत कोठें आलें नाहीं. त्यांनीं २४ मिलिमीटरचें एक लहानसें प्रकाशवान भिंग जुन्या बाजारांतून घेतलें, तेंही आधीं चार दिवस भाड्यानें वापरून. पुन्हां भेटले तेव्हां त्यांनीं पुढचें भिंग कोणतें हें विचारलें नाहीं. खिशांतून एक छापील प्रत काढून आमच्या हातीं दिली. मुलगी नुकती पडलेली आपली दुधाची दाढ तळहातावर घेऊन दाखवीत आहे. मागें आजी आहे, आजोबा आहेत, आणि खोली पुरली आहे.