पैसे आले आणि परत गेले



माझी मावशी वडोदऱ्याला असते. काका निवृत्त झाले तेव्हा तिने घरच्या घरी फराळ करून विकायला सुरुवात केली. आधी सोसायटीतली चार घरं, मग शहरातली मराठी मंडळी. पुतण्याने ऑनलाइन पैसे घ्यायची सोय करून दिली आणि तिचे डबे थेट बेंगळुरू-हैदराबादपर्यंत जाऊ लागले.

मागच्या वर्षी दिवाळी होऊन दीड महिना झाला असेल. एका दुपारी तिचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"अगं, माझे सात हजार दोनशे रुपये परस्पर कापून घेतले. मी काय चोर आहे का?"

झालं होतं असं. अमेरिकेत राहणाऱ्या एका मुलाने बेंगळुरूतल्या आपल्या आईबाबांसाठी फराळ मागवला होता. पैसे त्याच्या तिकडच्या क्रेडिट कार्डावरून आले. डबे वेळेवर पोचले, त्या आजोबांनी फोन करून अनारशांचं कौतुकही केलं. आणि आता खात्यात जमा होणाऱ्या रकमेतून तेवढे पैसे वजा झाले होते, वर गेटवेची फी वेगळी. तूप गेलं, साखर गेली, कुरिअरचा खर्च गेला आणि आलेले पैसेही गेले.

या प्रकाराला चार्जबॅक म्हणतात. तुम्ही केक करत असा, साड्या विकत असा, ऑनलाइन शिकवणी घेत असा किंवा छोटं दुकान चालवत असा, कार्डाने पैसे घेत असाल तर हा शब्द माहीत असायलाच हवा.

चार्जबॅक म्हणजे नेमकं काय?

कार्डाच्या बिलावरचा एखादा व्यवहार पटला नाही, तर ग्राहक आपल्या बँकेकडे तक्रार करतो. ती बँक व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेसारख्या नेटवर्कमार्फत दुकानदाराच्या बँकेकडे पैसे परत मागते. तिथून तक्रार गेटवेकडे येते आणि गेटवे ती रक्कम तुमच्या खात्यातून वळती करतो किंवा अडकवून ठेवतो. मग तुम्हाला विचारलं जातं, "तुमचं म्हणणं काय?"

ही सोय मुळात ग्राहकाच्या रक्षणासाठी आहे. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने क्रेडिट कार्डाच्या चुकीच्या बिलाला आव्हान द्यायचा हक्क लोकांना मिळाला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं, की फसवणुकीत बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवलं, तर नुकसान त्याच्या माथी मारायचं नाही. आपणही कुठे ना कुठे ग्राहक असतोच, त्यामुळे हे योग्यच आहे. फक्त काउंटरच्या या बाजूला उभं राहिलं की त्याची दुसरी बाजू दिसते.

मुदत बरीच मोठी असते हेही लक्षात घ्या. बऱ्याच कारणांसाठी ग्राहकाला साधारण १२० दिवस मिळतात. म्हणजे दिवाळीच्या फराळाची तक्रार संक्रांत उलटल्यावरही येऊ शकते.

तक्रारी कोणत्या असतात?

ढोबळ मानाने चार. हा व्यवहार मी केलाच नाही. पैसे दिले, पण वस्तू मिळाली नाही. मिळाली, पण सांगितल्यासारखी नव्हती. आणि पैसे दोनदा कापले गेले किंवा कबूल केलेला परतावा आलाच नाही.

पुष्कळ दुकानदारांना वाटतं, ओटीपी टाकून पैसे आले म्हणजे काळजी मिटली. हे अर्धंच खरं आहे. १ ऑगस्ट २००९ पासून भारतीय कार्डांच्या ऑनलाइन व्यवहारांना आणखी एक ओळख लागते. तीच आज आपण ओटीपीच्या रूपात देतो. त्यामुळे "मी केलाच नाही" या तक्रारीचा भार अशा व्यवहारात सहसा ग्राहकाच्या बँकेवर जातो. पण वस्तू मिळाली नाही किंवा खराब निघाली, या तक्रारींपुढे ओटीपी कामाचा नाही. आणि परदेशी बँकेच्या कार्डाला ओटीपी लागेलच असं नसतं. मावशी नेमकी तिथेच अडकली.

मावशीचं काय चुकलं?

फराळात काही चुकलं नव्हतं. चूक दोन छोट्या जागी होती.

पहिली, नावाची. ग्राहक तिला तिच्या डब्यावरच्या नावाने ओळखतात. कार्डाच्या बिलावर मात्र तिचं पॅनकार्डावरचं, माहेरचं नाव गेलं. तिकडे त्या मुलाच्या बायकोने बिल पाहिलं, ओळखीचं नाव दिसेना, तिने सरळ तक्रार नोंदवली. तिच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं.

दुसरी, ईमेलची. खातं पुतण्याने उघडलं होतं, त्यामुळे नोटीस त्याच्या जुन्या ईमेलवर गेली. उत्तराला सात दिवस होते. त्याने ती पाहिली तेव्हा दहावा दिवस उजाडला होता. कुरिअरची पावती होती, आजोबांचे व्हॉट्सअॅपवरचे "अनारसे अप्रतिम" हे शब्द होते, सगळं होतं. फक्त ते कुणी मांडलं नाही. उत्तर आलं नाही म्हणून निकाल विरुद्ध गेला.

मी तिला तेच सांगितलं, "मावशी, तुला कुणी चोर म्हटलं नाही. समोरच्याने तुला कधी पाहिलेलंही नाही. त्याच्यापुढे फक्त कागद असतात आणि तुझा कागद त्याच्यापर्यंत पोचलाच नाही."

नोटीस आली तर

सगळ्यात आधी शेवटची तारीख पाहा आणि कॅलेंडरवर लिहा. मग तक्रारीचं कारण नीट वाचा, कारण पुरावा त्या कारणाला धरून द्यायचा असतो. वस्तू मिळाली नाही म्हणत असतील तर पोच झाल्याची नोंद, तारीख, पत्ता, सही किंवा फोटो. सांगितल्यासारखी नव्हती म्हणत असतील तर तुम्ही आधी दाखवलेले फोटो, वर्णन आणि ग्राहकाशी झालेलं बोलणं. सोबत बिल जोडा आणि एका पानात तारीखवार हकिकत लिहा. संताप, टोमणे, "आम्ही वीस वर्षं धंद्यात आहोत" वगैरे काही नको.

ग्राहकाला फोन जरूर करा, पण भांडायला नाही. गैरसमज असेल तर तक्रार मागे घेतल्याचं त्याने आपल्या बँकेला कळवावं आणि तुम्हालाही लेखी द्यावं. तरीही तुमचा पुरावा मुदतीत पाठवाच, शब्दावर विसंबून राहू नका.

आणि एक कळीची गोष्ट. चार्जबॅक चालू असताना वेगळा परतावा देऊ नका. चांगुलपणाने तुम्ही पैसे पाठवाल, तिकडे बँकही ते कापून घेईल आणि एकाच डब्याचे पैसे दोनदा जातील. चूक आपली असेल तर तक्रार मान्य असल्याचं गेटवेला कळवा. त्याच वाटेने पैसे परत जातील.

रक्कम लहान आहे म्हणून नोटीस तशीच सोडून देऊ नका. अशा तक्रारींचं प्रमाण वाढलं तर गेटवे पैसे रोखून धरू शकतो, खातं बंदही करू शकतो.

नोटीस येऊच नये म्हणून

कार्डाच्या बिलावर तुमचं कोणतं नाव जातं हे आजच तपासा. स्वतःच्या कार्डाने दहा रुपये भरून पाहिलं तरी कळेल. दुकानाच्या नावाशी ते जुळत नसेल तर गेटवेला बदलायला सांगा. तोवर प्रत्येक ग्राहकाला लिहून कळवा, "बिलावर अमुक नाव दिसेल."

गेटवेकडे स्वतः रोज पाहता तोच ईमेल आणि फोन द्या. परताव्याचे नियम चार ओळींत, साध्या भाषेत आधीच सांगा. उशीर होणार असेल तर ग्राहकाने विचारायच्या आत तुम्हीच कळवा. महाग पार्सल वॉचमनच्या हाती सोडू नका, पोच घ्या. कागदपत्रं आणि संदेश निदान वर्षभर पुसू नका.

अनोळखी ग्राहक घाईघाईने मोठी ऑर्डर देतो, "चुकून जास्त पैसे भरले" म्हणतो आणि उरलेले दुसऱ्याच खात्यात मागतो, तर तिथेच थांबा. चोरीच्या कार्डाचा हा जुना डाव आहे. परतावा नेहमी ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर द्यायचा.

आणि ग्राहक म्हणून

बिलावर अनोळखी नाव दिसलं की घाबरायला होतं, आणि खरोखर फसवणूक वाटत असेल तर क्षणभरही थांबू नका. पण आधी घरात एकदा विचारा, "हे कुणी मागवलं का?" वस्तूबद्दल तक्रार असेल तर आधी दुकानात फोन करा. मोठ्या कंपनीला सात हजार जाणवत नाहीत. घरून डबे पाठवणाऱ्या बाईची ती महिन्याची कमाई असू शकते.

मावशीने अखेर बेंगळुरूच्या आजोबांना फोन केला. ते इतके ओशाळले की तिलाच त्यांची समजूत काढावी लागली. दोन दिवसांत मुलाने पूर्ण रक्कम पाठवली. सगळ्यांना असे ग्राहक भेटतीलच असं नाही, हे तिलाही कळलंय. आता तिच्या ओट्यावर तळणीच्या झाऱ्याशेजारी एक वही असते. तारीख, नाव, रक्कम, कुरिअरचा नंबर, पोच झाली का.

परवा ती म्हणाली, "पूर्वी डबा पाठवला की काम संपायचं. आता पोच वहीत लिहिली की संपतं."

तुमचीही अशी एखादी वही आजच सुरू करा. भेटू पुढच्या अंकात!